पत्रकावर जहाजाची प्रवासीसंख्या छापा : अंटार्क्टिकाच्या सहली नेणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून अंटार्क्टिकाच्या सहली नेणाऱ्या पर्यटन कंपन्यांचे संचालक, बुकिंग कार्यालयांतली मंडळी आणि टूर मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या अंटार्क्टिका सहलीच्या पत्रकात काय काय असतं ते मला आता तोंडपाठ झालं आहे. विमान कोणतं, ब्युनोस आयर्सचं हॉटेल किती तारांकित, जहाजावर जैन जेवण मिळणार की नाही, जाड कोट फुकट मिळणार आणि तो घरी नेता येणार, एका संध्याकाळी ग्रुपचा खास कार्यक्रम, शेवटी प्रमाणपत्र. केबिन किती चौरस फुटांची आहे तेही असतं. एक आकडा मात्र मी पाहिलेल्या एकाही मराठी पत्रकात ठळक छापलेला नव्हता. जहाजावर एकूण प्रवासी किती? तुमच्या ग्रुपचे किती, ते असतं. जहाजाचे मिळून किती, ते नसतं. आणि पंधरा लाखांच्या घरात पैसे मोजणाऱ्या माणसाला अंटार्क्टिकाच्या जमिनीवर किती वेळ मिळणार, मुळात मिळणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या एका आकड्यावर ठरतं.

मी साताऱ्याची, निवृत्त भूगोल शिक्षिका. तुमच्यापैकीच एका कंपनीबरोबर अर्जेंटिनातल्या उश्वायाहून अंटार्क्टिक द्वीपकल्पापर्यंत जाऊन आले. नंतर गावात इथे-तिथे फोटो दाखवून बोलले, आणि तेव्हापासून पैसे भरण्याआधी लोक मला फोन करतात. थंडी किती असते, बोट लागते का, जेवणाचं कसं, पासष्टीला झेपेल का, असं विचारतात. जहाज किती माणसांचं, हे कोणी विचारत नाही. विचारायचं असतं हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे पत्र प्रवाशांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

हिशोब तुम्हाला ठाऊकच असणार, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी मांडते. अंटार्क्टिकात पर्यटक नेणाऱ्या कंपन्यांची ‘आयाटो’ नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. 1991 मध्ये सात कंपन्यांनी ती काढली, आज तिथे जाणारी बहुतेक सगळी पर्यटक जहाजं तिचे नियम पाळतात. एका जागी एका वेळी शंभरापेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर नकोत. दर वीस जणांमागे एक गाईड हवा. एका जागी एका वेळी एकच जहाज. आणि पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कोणालाच उतरवायचं नाही. या खंडाचा कारभार ज्या आंतरराष्ट्रीय करारावर चालतो त्या अंटार्क्टिक करारातल्या राष्ट्रांनीही 2009 च्या बैठकीत हीच मर्यादा आपल्या ठरावात घेतली. शिवाय बऱ्याच जागांना स्वतःचे वेगळे नियम आहेत. दिवसाला किती जहाजं यावीत ते ठरलेलं, आणि रात्री दहा ते पहाटे चार तिथल्या पक्ष्यांना विश्रांती.

आता 180 प्रवाशांचं जहाज धरा. अर्धे लोक किनाऱ्यावर, अर्धे रबरी झोडियाक बोटींतून हिमनगांच्या आसपास फिरतात, दीडेक तासाने अदलाबदल. हवा बरी असली तर सकाळी एक जागा, दुपारी दुसरी. हेच जहाज 450 प्रवाशांचं असेल तर पाच पाळ्या लागतात. सकाळच्या त्याच तीन-साडेतीन तासांचे पाच तुकडे करा, त्यातून झोडियाकमध्ये चढणं-उतरणं, बूट धुणं वजा करा, म्हणजे हाती काय उरतं ते दिसेल. किंवा मग तुमचा नंबर दिवसातून एकदाच लागतो. आणि जहाज पाचशेच्या वरचं असेल तर सगळी सहल कठड्याला टेकून.

हे उगाच भीती घालायला सांगत नाही. 2023-24 च्या हंगामात अंटार्क्टिकाला गेलेल्या पर्यटकांचा आकडा 1 लाख 22 हजारांच्या आसपास होता. त्यातले 43 हजारांहून अधिक लोक पाऊल न टेकवता परतले, कारण ते मोठ्या जहाजांवर होते. म्हणजे तिघांतला एक. त्यांत मराठी किती होते ते ठाऊक नाही, पण दोघांना मी ओळखते. कोरेगावचं निवृत्त जोडपं. आयुष्यभराची पुंजी नव्हे, पण तिचा चांगला मोठा लचका त्यांनी या सहलीत घातला होता. जहाज प्रचंड, सुंदर, आत नाट्यगृह आणि पोहण्याचा तलाव. द्वीपकल्पाच्या जवळ पोचल्यावर काकूंनी टूर मॅनेजरला विचारलं, “आपल्याला बूट कधी देणार?” तेव्हा कळलं की बूट नाहीत, कारण उतरणंच नाही. परत आल्यावर कंपनीला विचारलं तर उत्तर मिळालं, पत्रकात ‘सीनिक क्रूझिंग’, म्हणजे जहाजावरूनच देखावा पाहणं, असं स्पष्ट लिहिलंय. लिहिलं होतं खरं. पण वर फोटो कोणता होता? पेंग्विनच्या घोळक्यात उभं असलेलं हसरं कुटुंब.

मोठ्या जहाजांवर माझा राग नाही. ज्यांना गुडघ्यांमुळे झोडियाकमध्ये पाय टाकणं शक्य नाही, ज्यांना समुद्राची धास्ती आहे, ज्यांचं बजेट कमी आहे, त्यांच्यासाठी ती सोय चांगलीच आहे. कठड्यावरूनही तो प्रदेश पाहण्यासारखा आहे. फक्त विकताना सांगा. ‘या सहलीत किनाऱ्यावर उतरणं नाही’ हे वाक्य किमतीच्या शेजारी, किमतीच्याच टायपात छापा. ज्याला हवं तो तरीही घेईल.

दुसरा मुद्दा तुमच्या दिवसवार कार्यक्रमाचा. युरोपच्या सहलीत ‘दिवस पाचवा : माउंट टिटलिस’ असं छापलं तर साधारण तसंच घडतं. तीच सवय तुम्ही अंटार्क्टिकाला लावता. ‘दिवस सहावा : हाफ मून बेट व डिसेप्शन बेट. दिवस सातवा : नेको हार्बर, पॅराडाइज बे.’ पॉइंटांची यादी! प्रत्यक्षात आदल्या संध्याकाळी एक्स्पिडिशन लीडर उद्याचा बेत सांगतो आणि ‘हा प्लॅन ए’ असं बजावतो. रात्रीतून वारा फिरतो, बर्फ येऊन खाडीचं तोंड बंद करतो, आणि नाश्त्यापर्यंत प्लॅन बी सुरू झालेला असतो. कधी सी. हे त्या प्रवासाचं वैगुण्य नव्हे, तो प्रवास असाच असतो. जहाजावरच्या बाकीच्या देशांच्या लोकांना हे सांगूनच आणलेलं दिसलं. आमच्या ग्रुपला सांगितलेलं नव्हतं.

त्यातून जे झालं ते सांगते. हाफ मून बेटासमोर आम्ही सकाळपासून सज्ज. आतले थर, त्यावर कोट, त्यावर लाइफ जॅकेट, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. खालच्या दारापाशी रांग लागलेली. रिकामी झोडियाक पाण्यात सोडून गाईड चाचपणी करून आले. दारातल्या पायरीशी बोट एका क्षणी वर येई आणि दुसऱ्या क्षणी पुरुषभर खाली जाई. घोषणा झाली, लँडिंग रद्द. सगळे निमूट कपडे उतरवायला लागले, आणि आमच्यातल्या एका काकांचा आवाज चढला.

“प्रोग्रॅममध्ये छापलंय ना हाफ मून? मग?”

“काका, वारा फार आहे. कॅप्टनचा निर्णय आहे.”

“कॅप्टनला पैसे आम्ही दिले नाहीत, तुम्हाला दिलेत. काल पण असंच. याचं रिफंड काय?”

टूर मॅनेजर पोरगा पंचविशीचा असेल. ड्रेक सामुद्रधुनी पार करताना स्वतःला बोट लागलेली असतानाही भिंत धरधरून आमच्या केबिनींत आल्याची वडी आणि गोळ्या वाटणारा, जहाजाच्या स्वयंपाकघरात गोड बोलून आमच्यासाठी वरण-भात करवून घेणारा. तो तिथे सगळ्यांदेखत बोलणी खात उभा राहिला. काकांचाही मला राग आला नाही. त्यांच्या हातात छापील कागद होता. तो कागद तुम्ही छापला होता.

तेव्हा यादी छापायचीच असेल तर ‘यांपैकी हवामान देईल त्या जागा’ असं लिहा, आणि पैसे घेताना तोंडीही सांगा. एखाद्या दिवशी एकही लँडिंग होणार नाही, असंही सांगा. आणखी एक. नोव्हेंबरच्या सहलीच्या जाहिरातीत पेंग्विनची करडी गुबगुबीत पिल्लं दाखवू नका. नोव्हेंबरमध्ये बर्फ स्वच्छ असतो, पेंग्विन घरट्यासाठी खडे गोळा करत आणि शेजाऱ्याचे चोरत असतात, अंडी घालत असतात. पिल्लं पाहायची तर डिसेंबरची अखेर किंवा जानेवारी. देवमासे भरपूर हवे असतील तर फेब्रुवारी-मार्च, पण तोवर पेंग्विनच्या वसाहतीत चिखल आणि विष्ठा यांचा गुलाबी रेंदा झालेला असतो (गुलाबी, कारण ते क्रिल नावाचे कोळंबीसारखे छोटे जीव खातात), आणि त्याचा वास कोटाला चिकटून घरापर्यंत येतो. प्रत्येक महिन्याचं काहीतरी चांगलं आहे. मग भलत्या महिन्याचा फोटो कशाला?

आता सुरक्षिततेबद्दल थोडं. थोडंच, कारण जहाजावर ते काम चोख होतं. कमी पडतं ते तुमच्या ऑफिसात. उश्वाया ते द्वीपकल्प हा ड्रेक सामुद्रधुनीचा पट्टा साधारण एक हजार किलोमीटरचा, जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. कधी तळ्यासारखा शांत, कधी ताटं-वाट्या उडवणारा. नोव्हेंबर 2022 मध्ये एका जहाजाची झोडियाक उलटून दोन प्रवासी दगावले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस दुसऱ्या जहाजावर, उश्वायाकडे येताना, प्रचंड लाटेने केबिनच्या काचा फुटून एक प्रवासी दगावली. 2007 मध्ये ‘एक्सप्लोरर’ हे जहाज किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फावर आदळून बुडालं. खास या प्रवासांसाठी 1969 मध्ये बांधलेलं, बर्फात मुरलेलं जहाज. 154 माणसं काही तास उघड्या होड्यांत होती. सगळी वाचली, कारण हवा बरी होती आणि दुसरं पर्यटक जहाज मदतीला पोचू शकलं. अशा घटना क्वचितच घडतात. पण जहाजावर डॉक्टर एक-दोन, दवाखाना छोटा, आणि हृदयविकाराचा झटका आला तर माणसाला किंग जॉर्ज बेटावरच्या चिलीच्या धावपट्टीपर्यंत नेऊन, हवा उघडली तर, चिलीतल्या पुंता अरेनास शहरात विमानाने हलवतात. हवा उघडली नाही तर थांबायचं. हा खर्च साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत धरलेला असतोच असं नाही. तुमच्या माणसाने पॉलिसीचा कागद उघडून त्यात अंटार्क्टिकाहून हलवण्याची तरतूद आहे का, हे बोट ठेवून दाखवावं. ‘इन्शुरन्स इन्क्लूडेड’ या दोन शब्दांनी भागत नाही.

निघण्याआधी तुम्ही प्रवाशांची बैठक घेता. चहा, बटाटेवडा, ओळखी, थर्मल कुठून घ्यायचे, किती जोड घ्यायचे. छान असते बैठक. पण तीत जे सांगायला हवं ते आम्हाला ड्रेकमध्ये, अर्धा ग्रुप आडवा झालेला असताना, परक्या इंग्रजी उच्चारांत ऐकावं लागलं.

उतरण्याआधी बाहेर घालायची प्रत्येक वस्तू तपासतात. कोटाचे खिसे उलटे करून व्हॅक्यूम क्लीनर फिरवतात, बॅगेच्या शिवणी बघतात, वेल्क्रो बघतात, काठीचं टोक बघतात. आमच्यात पुण्याचे एक हौशी ट्रेकर होते. दर रविवारी सिंहगड. तीच पँट, तीच पाठपिशवी घेऊन आलेले. गाईड मुलीने पिशवीच्या पट्ट्यावरचं वेल्क्रो बोटांनी फाकवलं, चिमटा घेतला आणि एक-एक करत कुसळं बाहेर काढायला लागली. आपलं नेहमीचं कुसळी गवत, पावसाळ्यानंतर मोज्यांत घुसतं आणि दोन धुण्यांनंतरही टोचतं ते. तिने एक कुसळ दिव्यासमोर धरलं, त्याचं पीळ पडलेलं शेपूट पाहिलं आणि विचारलं, हे कुठलं? गृहस्थ म्हणाले, सिंहगड. तिने मान डोलावली आणि ते पाकिटात टाकलं. वीसेक मिनिटं चाललं होतं. मागे रांग खोळंबलेली, आणि गृहस्थ लाजून चूर.

ती मुलगी उगाच कडक वागत नव्हती. किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या आर्कटोव्स्की तळाजवळ युरोपातलं एक साधं गवत माणसांच्या सामानाबरोबर येऊन ऐंशीच्या दशकात रुजलं, पसरलं, आणि ते उपटून काढायला शास्त्रज्ञांना अजून कष्ट करावे लागतात. सह्याद्रीतलं कुसळ तिथे रुजेल असं मी म्हणत नाही. पण कोणतं बी रुजेल हे आधी कळत नाही, म्हणूनच तो चिमटा. तुमच्या बैठकीत एक वाक्य पुरेसं होतं : घरून निघताना वेल्क्रो कंगव्याने साफ करा, बूट घासा, ट्रेकिंगची जुनी पिशवी आणू नका.

दुसरं वाक्य पक्ष्यांच्या तापाबद्दल. बर्ड फ्लूचा एच-5-एन-1 विषाणू ऑक्टोबर 2023 मध्ये साउथ जॉर्जिया बेटाजवळच्या बर्ड आयलंडवर आढळला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर, अर्जेंटिनाच्या तळाजवळ मेलेल्या स्कुआ पक्ष्यांमध्ये. तेव्हापासून नियम आणखी आवळले आहेत. प्राण्यांच्या वावराच्या जागी बूट सोडून दुसरं काही जमिनीला टेकवायचं नाही. बसायचं नाही, गुडघा टेकून फोटो घ्यायचा नाही, पिशवी ठेवायची नाही. परत येताना बूट ब्रशने घासून जंतुनाशकात बुडवायचे. आता विचार करा, तुमचे बहुतेक प्रवासी साठीच्या पुढचे. भुसभुशीत बर्फात तासभर, दीड तास सलग उभं राहायचं, टेकायला काही नाही, आणि किनाऱ्यावर बाथरूम नाही. पाण्याशिवाय खाणंपिणंही न्यायचं नाही, म्हणजे खिशातली राजगिरा वडीसुद्धा जहाजावरच. हे महिनाभर आधी कळलं असतं तर आमच्यातल्या दोघी-तिघींनी रोज थोडं उभं राहण्याचा, चालण्याचा सराव केला असता. त्यांतल्या एकजणी तर तिसऱ्या लँडिंगपासून जहाजावरच थांबायला लागल्या.

बाकीचे नियम ठाऊक असतील : पेंग्विनपासून पाच मीटर, फर सीलपासून पंधरा. पेंग्विन आपल्याकडे आला तर आपण गप्प उभं राहायचं. हौसेचे ड्रोन नाहीत. खडा, पीस, हाड, काही उचलायचं नाही. देव्हाऱ्यात ठेवायला सातव्या खंडाचा एक खडा हवा, असं म्हणणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या एकीला मी तरी समजावू शकले नाही, गाईडने समजावलं.

पण किनाऱ्यावरच्या वेळेचा सगळ्यात मोठा चोर नियम नव्हे. तो आहे तुमचा बॅनर. कुव्हरव्हिल बेटावर उतरलो. जेंटू पेंग्विनांची मोठी वसाहत. समुद्रापासून घरट्यांपर्यंत त्यांनी चालून चालून बर्फात पायवाटा पाडलेल्या, माणसाच्या गुडघ्याइतक्या खोल. त्या ओलांडायच्या असतील तर थांबून त्यांना आधी जाऊ द्यायचं. आपला पाय बर्फात खचून खड्डा पडला तर तो बुजवायचा, कारण पेंग्विन त्यात पडला तर त्याला बाहेर येता येत नाही. मी एका वाटेच्या कडेला उभी होते. एक जेंटू चोचीत खडा धरून वर चढत होता, दोनदा घसरला, खडा सुटला, परत खाली जाऊन तोच खडा शोधून निघाला. आजूबाजूला इतके खडे असताना तोच! मी त्याच्याकडे पाहत असताना हाका सुरू झाल्या. “सातारा! सातारा ताई! फोटो, फोटो!” कंपनीचा बॅनर. ऊन चमकतंय म्हणून परत. एकाचे डोळे मिटले म्हणून परत. मग बायकांचा वेगळा, मग ‘कपल्स’चा. वारा बॅनरला शीड समजून ओढतोय, पोरगा घाम पुसतोय (त्या थंडीत!), आणि आमच्या वाटणीच्या तासाभरातला मोठा तुकडा गेला. टूर मॅनेजरला तो फोटो ऑफिसला पाठवायचा असतो, मला कळतं. तो फोटो जहाजाच्या डेकवर घ्या. मागे हिमनग तिथेही असतात, आणि वेळ कोणाच्या खिशातून जात नाही.

आणखी एका जाहिरातीबद्दल लिहिलंच पाहिजे. ‘बर्फ वितळण्याआधी पाहून घ्या!’ हे वाक्य एका पूर्ण पानाच्या जाहिरातीत वाचलं आणि वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. चिलीतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. जहाजांच्या धुरातली काजळी द्वीपकल्पाच्या बर्फावर बसते, बर्फ काळवंडतो, ऊन शोषतो, लवकर वितळतो. 2016 ते 2020 या काळातल्या प्रत्येक पर्यटकामागे साधारण 83 टन बर्फ असा लवकर वितळतो, असा त्यांचा अंदाज आहे. जड तेलाला ऑगस्ट 2011 पासून तिथे बंदी आहे, जहाजं आता हलकं इंधन जाळतात, काही विजेवरही थोडा वेळ चालतात. तरी काजळी आहेच, आणि मुंबईहून ब्युनोस आयर्सचं विमान वेगळंच. मी हे जाणून गेले, पुन्हा संधी मिळाली तर कदाचित पुन्हा जाईन, आणि कोणाला जाऊ नका असं सांगायचा अधिकार माझ्याकडे नाही. पण आपण ज्याला हातभार लावतो त्याचीच भीती घालून ॲडव्हान्स गोळा करायचा, हे मात्र फार झालं. ही ओळ काढून टाका. सहल त्याशिवायही विकली जाईल.

लोक हमखास विचारतात, “आपलं मैत्री दिसेल का?” मैत्री म्हणजे भारताचा अंटार्क्टिकातला संशोधन तळ. तुमच्या एका कार्यालयात फोनवर याला ‘जमलं तर दाखवू’ असं उत्तर मिळाल्याचं एकांनी मला सांगितलं. जमणार नाही. मैत्री आहे शिर्माकर ओअॅसिसमध्ये, द्वीपकल्पाच्या टोकापासून जवळपास तीन हजार किलोमीटर, आफ्रिकेच्या दिशेला. भारती हा आपला दुसरा तळ तर त्याहून पूर्वेला. तुमची जहाजं जातात त्या बाजूला भारताचा एकही तळ नाही. पण ही उत्सुकता खरी आहे आणि तिचं चांगलं काही करता येईल. अंटार्क्टिकाच्या भारतीय मोहिमा चालवणारी संस्था गोव्यात, वास्कोला आहे. तिथे महिनोन्महिने अंटार्क्टिकात राहून आलेली माणसं आहेत. तुमच्या बटाटेवड्याच्या बैठकीला त्यांच्यापैकी कोणाला तासभर बोलवा, मानधन द्या. डिसेंबर 1983 मध्ये तिसऱ्या मोहिमेबरोबर निघालेल्या डॉ. अदिती पंत औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातल्या. त्या आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून तिथे गेलेल्या पहिल्या स्त्रिया. औंध साताऱ्याहून फार लांब नाही, तरी आमच्या ग्रुपमध्ये हे नाव माहीत असलेले किती होते ते मी विचारून पाहिलं आणि पुढे बोलले नाही. जहाजावर रोज व्याख्यानं असतात, फार चांगली असतात. आमच्या ग्रुपचे पत्ते नेमके त्याच वेळी रंगायचे. आधी कानावर काही पडलं असतं तर थोडे जण तरी गेले असते.

शेवटी कायद्याचं. भारताने 2022 मध्ये अंटार्क्टिक कायदा केला. मे 2024 मध्ये कराराच्या सदस्य राष्ट्रांची बैठक कोचीला झाली आणि पर्यटनासाठी एकत्र नियमावली आखायची चर्चा तिथे पुढे सरकली. ही चर्चा सावकाश चालते, सर्वांची सहमती लागते, वर्षं जातील. तुम्ही ज्या जहाजांवर जागा घेता ती दुसऱ्या कोणत्यातरी देशाच्या परवान्यावर तिथे जातात. तो देश कोणता, जहाजाची कंपनी आयाटोची सदस्य आहे की नाही, हे तुमच्या करारात असतंच. मग पत्रकात का नको? उद्या दिल्लीत कोणी नियम करायला बसलं आणि भारतीय पर्यटकांना नेणाऱ्यांचं म्हणणं काय असं विचारलं, तर सांगायला तुमच्याकडे काहीतरी असावं. आज तुमच्यापैकी दोन-तीन कंपन्यांनी जरी ठरवलं की अमुक संख्येपेक्षा मोठ्या जहाजावर आम्ही ‘लँडिंग’ची सहल म्हणून जागा विकणार नाही, तर बाकीच्यांना ते करावंच लागेल. या धंद्यात एकमेकांची पत्रकं तुम्ही किती बारकाईने वाचता ते मला माहीत आहे.

माझ्याकडून ती संख्या दोनशे. का, तर दोन पाळ्यांत सगळे उतरतात, आणि दोनशेपर्यंतच्या जहाजांना जास्त जागा खुल्या असतात. अशी जहाजं महाग पडतात, हे मान्य. तेही पत्रकात लिहा : 180 प्रवाशांचं जहाज एवढ्याला, 450 चं तेवढ्याला, उतरणं नसलेलं एवढ्याला. साताऱ्यातला माणूस गिऱ्हाईक म्हणून इतका कच्चा नाही की त्याला यातला फरक कळणार नाही.

पुढच्या हंगामाची पत्रकं आता छपाईला जातील. माझ्या मैत्रिणीची बहीण आणि तिचे यजमान यंदा निघणार आहेत, दोघांसाठी माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं आहे. तुमच्या सगळ्यांच्या कार्यालयांत मी फोन करणार आहे. जेवणाचं विचारणार नाही. जहाजाचं नाव काय आणि त्यावर एकूण प्रवासी किती, एवढंच विचारेन. फोन घेणाऱ्या मुलीला ते माहीत असेल आणि ‘मॅडम, वरिष्ठांना विचारून कळवते’ असं म्हणावं लागणार नाही, तेवढी व्यवस्था करून ठेवा.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
सातारा